तोवर तिचं बोलणं तुमच्याकडे ठेवा

ताई, सप्रेम नमस्कार.

मी डिचोली तालुक्यातल्या एका गावात राहते. बालवाडीत एकोणतीस वर्षं शिकवून निवृत्त झाले. माझी धाकटी चार वर्षांपूर्वी नर्स म्हणून रियाधला गेली. पगार चांगला आहे, दर महिन्याला पैसे पाठवते. घरावर स्लॅब पडला तो तिच्याच पैशांनी. गेल्या महिन्यात भाच्यानं त्याच्या मोबाइलवर एक अकाउंट दाखवलं आणि म्हणाला, मावशी, ही आपलीच पोर. नाव दुसरं होतं, फोटो कसल्याशा फुलाचा. पण मध्येच आमच्या अंगणातल्या तुळशीचा फोटो होता, त्यावरून त्यानं ओळखलं. तुरुंगात टाकलेल्या तिथल्या बायकांविषयी तिनं लिहिलं आहे, इतरांचंही पुढे पाठवलं आहे. माझे हातपाय गार पडले. फोनवर रडले मी. म्हटलं, तुका कित्याक जाय हें सगळें? कशाला हवं तुला हे? पोटासाठी गेली आहेस, नोकरी कर. तर म्हणाली, आई, पाचवीत असताना वर्गात गप्प बसून राहिले म्हणून तूच मला ओरडली होतीस. त्यानंतर आठ दिवस फोन नाही. आमचे हे म्हणतात, तिला ताबडतोब परत बोलव. थोरला मुलगा म्हणतो, ती भारतीय आहे, तिला कोण हात लावणार. चवथीला, गणपतीत, येणार आहे. काय सांगू तिला? आणि ताई, खरंच ती चुकते आहे का?

— एक आई

(गाव, शहर आणि इतर काही तपशील बदलून पत्र छापलं आहे.)

बाई,

एकोणतीस वर्षं बालवाडीत काढलीत म्हणता, मग तुम्हाला दुसरं काय म्हणणार?

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण तो तुम्ही अगदी हळू आवाजात विचारला आहे. नाही, ती चुकत नाही. तुमचं घाबरणंही चुकीचं नाही. चुकतो आहे तो तुमचा थोरला.

"आपण परके, आपल्याला कोण काय करणार" हे वाक्य गल्फात माणूस असलेल्या प्रत्येक घरात मी ऐकलं आहे. खरी गोष्ट उलटी आहे. तिथला कायदा परक्याला सगळाच्या सगळा लागू होतो, आणि वर त्याला देशाबाहेर काढता येतं ते वेगळंच. सौदीत राहणाऱ्या एका येमेनी ब्लॉगरनं २०२० मध्ये एक व्हिडिओ टाकला. समलिंगी माणसांसह सगळ्यांना समान हक्क असावेत, एवढंच त्यात होतं. दहा महिने कैद, दहा हजार रियाल दंड आणि नंतर हद्दपारी. त्याचा पासपोर्ट कोणत्या देशाचा, हे शिक्षा देताना कोणाच्या आड आलं नाही.

सौदीचा सायबर गुन्ह्यांचा कायदा २००७ सालचा आहे. सार्वजनिक सुव्यवस्था, धार्मिक मूल्यं किंवा नीतिमत्ता यांना बाधा येईल असा मजकूर तयार केला किंवा पाठवला, तर पाच वर्षांपर्यंत तुरुंग आणि तीस लाख रियालपर्यंत दंड. सुव्यवस्थेला बाधा कशानं येते, हे न्यायाधीशानं ठरवायचं. हे कमी पडलं तर दहशतवादविरोधी कायदा आहेच. त्या खटल्यांसाठी २००८ मध्ये एक खास न्यायालय काढलं, आणि आता ट्विट करणाऱ्या बायकाही त्याच न्यायालयापुढे उभ्या राहतात. बॉम्बवाल्यांसाठी बांधलेल्या पिंजऱ्यात दातांच्या दवाखान्यात काम करणारी बाई.

हे अलंकारिक लिहीत नाही मी. सलमा अल-शेहाब ही खरंच दंतआरोग्याच्या क्षेत्रातली. इंग्लंडमध्ये लीड्सला पीएच.डी. करत होती, पदरात दोन लहान मुलगे. ट्विटरवर तिला वाचणारे अडीच हजारांच्या आसपास. आपल्याकडे तालुक्याच्या गावातल्या केकवाल्या बाईलासुद्धा याहून जास्त असतात. तुरुंगातल्या स्त्री-कार्यकर्त्यांना सोडा, असं सांगणारी इतरांची ट्विट्स ती पुढे पाठवायची. सुटीसाठी सौदीत घरी आली होती. जानेवारी २०२१ मध्ये परत जायला थोडे दिवस राहिले असताना तिला पकडलं. आधी सहा वर्षांची शिक्षा झाली. तिनं अपील केलं, तर ऑगस्ट २०२२ मध्ये तीच शिक्षा चौतीस वर्षांची झाली, आणि सुटल्यावर आणखी चौतीस वर्षं देशाबाहेर जायला बंदी. जगभर ओरड झाल्यावर शिक्षा टप्प्याटप्प्यानं खाली आली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये सलमा सुटली. मुलांची चार वर्षं गेली ती गेलीच.

सलमाची गोष्ट मुद्दाम लांबवून सांगते आहे, कारण तिच्यात तुमच्या घरासाठी एक सापळा दिसतो. तुमची मुलगी चवथीला येईल आणि म्हणेल, आई, तिथे असताना नाही लिहिणार, इथे पंधरा दिवस आहे तेवढंच लिहिते. नको. सलमानं लिहिलं ते इंग्लंडमध्ये बसून, आणि भोगलं ते घरी आल्यावर. आपण कुठे बसून लिहितो याला महत्त्व नाही, पुढे कुठे पाऊल ठेवणार आहोत याला आहे. रजा संपल्यावर तुमच्या मुलीला दाबोळी किंवा मोपाच्या विमानतळावरून पुन्हा तिकडेच जायचं आहे.

आणि तिला तिथून बोलायची ऊर्मी का आली असेल, तेही सांगते. तिनं ते डोळ्यांनी पाहिलं आहे. ती गेली तेव्हा तिथल्या बायका गाडी चालवत होत्या. सोबतच्या सौदी नर्सेस स्वतःच्या गाडीनं ड्यूटीवर येत असतील. ही परवानगी २४ जून २०१८ ला मिळाली, आणि जगभरच्या वर्तमानपत्रांत चाकामागे बसलेल्या हसऱ्या बायकांचे फोटो आले. तुम्हीही पाहिले असतील. पण त्याच्या महिनाभर आधी, मे २०१८ मध्ये, याच परवानगीसाठी वर्षानुवर्षं झगडलेल्या बायकांना घराघरांतून उचलून नेलं होतं. त्यांच्यात लुजैन अल-हथलूल होती. २०१४ मध्ये तिनं अमिरातीतून सौदीच्या हद्दीत गाडी चालवत यायचा प्रयत्न केला होता, त्यासाठी त्र्याहत्तर दिवस आत होती. या वेळी एक हजार एक दिवस. कोठडीत विजेचे धक्के दिले, मारहाण केली, असं तिच्या घरच्यांनी सांगितलं. सरकारनं ते नाकारलं. डिसेंबर २०२० मध्ये शिक्षा सुनावली ती दहशतवादाच्या कायद्याखाली. १० फेब्रुवारी २०२१ ला घरी सोडलं, पण देशाबाहेर जायचं नाही या अटीवर.

गाडी चालवू द्यायचीच होती, तर ती मागणारीला तुरुंगात का टाकलं? परदेशी पत्रकारांना हे कोडं वाटतं. गोव्यातल्या माणसाला वाटू नये. भाटकार म्हणजे जमिनीचा मालक आणि मुंडकार म्हणजे त्याच्या जागेत घर करून राहणारा, हे दोघे आपण पिढ्यान् पिढ्या पाहिले आहेत. चवथीला भाटकाराच्या घरून मुंडकाराकडे नारळ यायचे, कधी एखादं लुगडं यायचं. भाटकार मायाळू, असं सगळा वाडा म्हणायचा. पण त्याच मुंडकारानं, मी राहतो ती जागा कायद्यानं माझ्या नावावर करा, असं म्हटलं की तोच भाटकार त्याला उलट्या काळजाचा ठरवायचा. १९७५ चा मुंडकार कायदा येऊनही कितीतरी म्हाताऱ्यांची भाटकाराच्या पडवीत उभं राहून अर्ज पुढे करायची छाती झाली नाही. नारळ देण्यात भाटकाराचं काही जात नव्हतं. मागितल्यावर जात होतं. दिलेली वस्तू उद्या काढून घेता येते, मागून मिळवलेली नाही. रियाधमध्ये हेच चाललं आहे, फक्त वाडा मोठा आहे.

मनाहेल अल-ओतैबीचं उदाहरण तर आणखी बोचतं. ही फिटनेस शिकवणारी तरुण मुलगी. कपडे सभ्य असावेत, ते काळे अबायेच, म्हणजे अंगभर झगेच, असावेत असं नाही, हे २०१८ मध्ये खुद्द सौदीच्या युवराजांनी मुलाखतीत सांगितलं. तिनं विश्वास ठेवला. २०१९ मध्ये एका जर्मन वाहिनीला म्हणाली की आता मनासारखे कपडे घालता येतात, मनातलं बोलता येतं. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिला अटक झाली. दुकानात अबाया न घालता गेलेले फोटो टाकले, बाईला घरच्या पुरुषाची परवानगी लागते ती पालकत्वाची अट संपवा असं लिहिलं, हे गुन्हे. ९ जानेवारी २०२४ ला अकरा वर्षं. निकाल बंद दाराआड लागला. बाहेरच्या जगाला तो कळला संयुक्त राष्ट्रांच्या पत्राला सरकारनं दिलेल्या उत्तरातून. म्हणजे तिनं सरकारवर टीका केली म्हणून नव्हे, सरकारचं म्हणणं खरं मानलं म्हणून ती आत गेली. तुमच्या लेकीनं हे वाचलं असेल आणि तिला झोप लागली नसेल. मला तरी लागली नव्हती.

आता आपल्याकडे काही वेगळं आहे म्हणून आपण फार ऐटीत बोलायला नको. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद झाली. तो बंद का, असं पालघरच्या एका मुलीनं फेसबुकवर विचारलं आणि तिच्या मैत्रिणीनं ते लाइक केलं. दोघींना पोलिसांनी अटक केली. लाइक करणारीलाही! त्यातूनच कायद्याच्या एका विद्यार्थिनीनं सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला आणि २४ मार्च २०१५ ला अशा ऑनलाइन मजकुरासाठी लावलं जाणारं, माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं ६६ अ हे कलम रद्द झालं. मधल्या काळात, २०१४ च्या निवडणुकीच्या सुमारास, आपल्या गोव्यातल्या एका जहाजबांधणी अभियंत्यावरही फेसबुकवर लिहिल्याबद्दल गुन्हा नोंदला होता. कलम रद्द झाल्यावरही पोलीस ते लावतच राहिले, इतके की २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंच त्यावर आश्चर्य व्यक्त केलं. पण इथे अर्ज करायला न्यायालय होतं, चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभं करण्याचा नियम होता, सूर्यास्तानंतर बाईला अटक करायची नाही हा दंडक होता. मोडतात, पण मोडले असं ओरडता येतं. तुमच्या मुलीला तिथे यातलं काहीच हाताशी नाही, एवढाच माझा मुद्दा.

(जाता जाता: काही वर्षांपूर्वी मी एका बांधकामाविषयी चार ओळी फेसबुकवर लिहिल्या होत्या. संध्याकाळी फोन आला. मला नाही, माझ्या नवऱ्याला. "वहिनींना जरा सांगा." नवऱ्यानं फोन माझ्या हातात दिला, तर समोरच्यानं ठेवून दिला. पुरुषाच्या पालकत्वाची पद्धत म्हणजे काय, हे समजायला मला अरबस्तानात जावं लागलं नाही.)

आता अकाउंटकडे येऊ. नाव दुसरं, फोटो फुलाचा, म्हणून आपण कोणाला कळत नाही असं तुमच्या मुलीला वाटतं. तुमच्या भाच्यानं तुळशीवरून ओळखलं ना? तुळशी वृंदावनाचे रंग घराघरांत वेगळे असतात, तो आपला शिक्काच. बाहेरच्या माणसाला तुळस कळायची नाही, पण त्याला इतर खुणा पुरतात. सौदीत सिमकार्ड घ्यायचं तर बोटाचा ठसा द्यावा लागतो आणि ते इकामाशी, म्हणजे राहण्याच्या परवान्याशी, जोडलेलं असतं. त्या नंबरवर अकाउंट उघडलं असेल, तर वरचं टोपणनाव म्हणजे दारावर लावलेला पातळ पडदा. रेड क्रिसेंट या मदतसंस्थेत काम करणाऱ्या अब्दुलरहमान अल-सदहान या तरुणानं असंच टोपणनावानं विनोदी अकाउंट चालवलं होतं. २०१८ मध्ये त्याला कामावरून उचललं आणि २०२१ मध्ये वीस वर्षांची शिक्षा झाली. ट्विटरच्या दोन माजी कर्मचाऱ्यांवर सौदीसाठी खातेदारांची माहिती काढल्याचा आरोप अमेरिकेनं ठेवला, त्यातला एक २०२२ मध्ये दोषी ठरला. म्हणजे फट आतूनही असू शकते.

आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांची फट वेगळीच. "कुल्लुना अम्न" नावाचं एक सरकारी ॲप आहे. अर्थ साधारण "आपण सगळेच सुरक्षा". अपघात, चोरी कळवायला काढलेलं. सलमाला एका माणसानं उघड उत्तर दिलं होतं की मी तुझी तक्रार या ॲपवर केली आहे, अशी बातमी त्या वेळी आली. म्हणजे ड्यूटीच्या पाळीवरून बिनसलेली एखादी सहकारीसुद्धा पुरे. आपल्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणी कौतुकानं "आमची ही बघा किती धाडसी" म्हणून तिच्या अकाउंटचा फोटो टाकला, तर तो कुठवर जाईल याचा नेम नाही. भाच्याला आजच सांगा. अगदी आज. त्यानं आणखी कोणाला दाखवलं आहे तेही विचारा.

तिच्याशी मात्र फोनवर या विषयावर एक शब्द बोलू नका. मेसेज तर नकोच. आठ दिवस फोन नाही म्हणता. तुम्ही करा, आणि जेवलीस का, पाऊस किती पडला, गणपतीवर बांधायच्या माटोळीला यंदा कांगलांची रानफळं मिळतील की नाही, एवढंच बोला. ती घरी आली की बोलायचं. कधी, ते तुम्हीच ठरवा, पण मी असते तर नेवऱ्या, म्हणजे करंज्या, करायला बसताना बोलले असते. हात कामात असले की मुली आईच्या तोंडाकडे न बघता खरं बोलतात. दोघींचे मोबाइल दुसऱ्या खोलीत असू देत.

पहिलं वाक्य "तू असं का केलंस" हे नको. ते तुम्ही फोनवर म्हणून झालं आहे. पाचवीतली गोष्ट तिनं काढली, तिला तुमच्याकडे उत्तर हवं आहे, आणि उत्तर आहेही. वर्गात ती गप्प बसली तेव्हा तुम्ही का ओरडलात? तिला उत्तर येत होतं म्हणून. आणि बोलली तर काय झालं असतं? फार तर बाई रागावल्या असत्या. तिथे चौतीस वर्षं आहेत. भीती तीच नव्हे. ती बोलायला भीत होती म्हणून तुम्ही ओरडलात, आज तुम्ही तिच्या जिवाला भीत आहात. दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ती नर्स आहे, तिला फरक कळेल. ताप कुठला आणि जखम कुठली, हे तिला रोज ओळखावं लागतं.

मग काय मागायचं तिच्याकडे? ती परत जाणार असेल, तर गोव्यात असतानाच ते अकाउंट बंद व्हावं. नुसत्या दोन पोस्टी काढून उपयोग नाही. लाइक केलेलं, पुढे पाठवलेलं, कोणाला फॉलो केलं ते, मोबाइलमधले त्या विषयाचे फोटो, सगळं बघावं लागेल. यानं मागचं पूर्ण पुसलं जातं अशी खात्री मी देणार नाही. धोका कमी होतो, शून्य होत नाही. तिला ते तसंच सांगा, कारण ती हुशार आहे आणि खोटा दिलासा तिला लगेच कळेल. तिथे पोचल्यावर दुसऱ्या नावानं नवं अकाउंट काढायचं नाही, तिथल्या मैत्रिणींच्या ग्रुपवर हा विषय नाही, हॉस्पिटलच्या वायफायवर तर नाहीच. या सगळ्याचा तिला राग येईल. येऊ दे. राग तुमच्यावर काढू दे, तुम्ही घरचे आहात.

तिचे वडील म्हणतात परत बोलव. तिचं वय, तिची नोकरी, तिचा करार. ती ठरवेल. स्लॅब तिच्या पैशांनी पडला आहे, तेव्हा घराचा हप्ता कोण भरणार, हा प्रश्न आधी त्यांनी स्वतःला विचारावा. तिला स्वतःलाच वाटलं की गप्प राहून तिथे जगणं जमणार नाही, तर करार कधी संपतो ते बघून ती येईल, आणि तेव्हा तिला दोष देऊ नका. एवढंच.

आता खरं सांगायचं ते. तिला गप्प राहायला सांगायचं, तर तिनं ज्या बायकांसाठी तोंड उघडलं त्यांचं काय? हा प्रश्न ती तुम्हाला विचारेल, नेवरीची कड मुरडता मुरडता विचारेल, आणि तुमच्याकडे उत्तर नसेल तर तुमचं बाकीचं सगळं बोलणं वाया जाईल.

गोवा मुक्तिलढ्यातल्या लीबिया लोबो सरदेसाई यांचं नाव तुम्हाला सांगायला नको. २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा सगळ्या गोव्यानं त्यांचे फोटो पाहिले. पोर्तुगीज अमदानीत इथे सेन्सॉर एवढा कडक होता की लग्नाच्या पत्रिकासुद्धा त्यांच्याकडून मंजूर करून आणाव्या लागत, असं आमच्या घरातले म्हातारे सांगत. १९५५ च्या एप्रिलात म्हापशात मुक्तिलढ्यातल्याच सुधाताई जोशी यांना सभेतच पकडलं. आत बसून बोलणाऱ्याला तुरुंग ठरलेला. मग त्याच वर्षी नोव्हेंबरात लीबियाबाई आणि वामन सरदेसाई हद्दीच्या पलीकडे गेले, आंबोली-कॅसलरॉकच्या रानात बसले, आणि तिथून रेडिओ चालवला. सहा वर्षं. रानात साप, जळवा, पाऊस, आणि रोज ठरल्या वेळी आवाज गोव्यात पोचायचा. आतले लोक दारं लावून, आवाज बारीक करून ऐकायचे. आत असलेल्यांनी बोललंच पाहिजे, असा हट्ट त्या दोघांनी धरला नाही. ज्यांना पलीकडे जाता आलं, त्यांनी आतल्यांचं बोलणं अंगावर घेतलं. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाल्याची बातमीही त्यांनीच विमानातून गोव्यावर सांगितली.

लुजैनच्या घरीही हेच झालं. आई-वडील सौदीत, त्यांच्या बाहेर जाण्यावर बंदी. बोलल्या त्या परदेशात असलेल्या बहिणी. सुरुवातीला घरच्यांनी गप्प राहून पाहिलं, की गप्प राहिलं तर तिला सोडतील. सोडलं नाही. तेव्हा जानेवारी २०१९ मध्ये एका बहिणीनं अमेरिकेतल्या वर्तमानपत्रात लेख लिहून सगळं जगापुढे मांडलं. दुसरी बहीण लीना ब्रसेल्सहून अजून बोलते आहे.

तर बाई, तुमच्या घरात हद्दीच्या अलीकडे कोण आहे? तुम्ही. तुमच्यावर इकामा नाही, करार नाही, परतीचं तिकीट नाही. लेकीला सांगा, तू तिथे आहेस तोवर तुझं बोलणं माझ्याकडे ठेव, मी बोलते. हे नुसतं समजूत घालायला म्हणू नका, खरंच करा. मनाहेल कोण, तिला कशासाठी आत टाकलं, हे मराठीत लिहून काढा; बालवाडीत गोष्ट सांगायची सवय आहे तुम्हाला. गावातल्या महिला मंडळात आठ मार्चला दरवर्षी पाककृतींची स्पर्धा होते, होऊ दे. त्याआधी दहा मिनिटं तुमची. स्थानिक वर्तमानपत्राला पत्र लिहा. तुरुंगातल्या माणसांसाठी पत्रं पाठवणाऱ्या मानवी हक्क संघटना आहेत, त्यांच्या पत्रांवर मंडळाच्या बायकांच्या सह्या घ्या. दिल्लीतल्या सौदी दूतावासाला साधं पोस्टकार्ड टाकता येतं. सलमाची शिक्षा खाली आली तेव्हा बाहेर असाच आवाज चालू होता.

पण इथेही हात राखून. तुमच्या फेसबुकवर लेकीचा गणवेशातला फोटो आहे ना? मग त्याच फेसबुकवर हे लिहू नका. लिहायचं ते मंडळाच्या नावानं, किंवा तुमचं माहेरचं आडनाव लावून, आणि "माझी मुलगी तिथे आहे" हे वाक्य कुठेही न घालता. हे वाक्य घालावंसं वाटेल. भाषणाला वजन येतं त्यानं. ते वजन कोणावर पडेल, एवढं डोळ्यांपुढे ठेवा.

एक काम मात्र चवथीची वाट न पाहता सुरू करा. घरात एक जुनी वही घ्या. तिच्या पासपोर्टची झेरॉक्स, इकामाचा नंबर, कराराची प्रत, हॉस्पिटलचा पत्ता, तिच्या खोलीत राहणाऱ्या दोन मुलींचे नंबर, रियाधच्या भारतीय दूतावासाचा पत्ता आणि नंबर, हे सगळं एका जागी. पासपोर्ट तिच्याकडेच असतो की मालकाकडे, ते ती आली की विचारा. मालकानं ठेवून घ्यायचा नसतो, पण ठेवतात. परदेशी माणसाला पकडलं तर त्याच्या देशाच्या दूतावासाला कळवावं, असं मागण्याचा हक्क १९६३ च्या व्हिएन्ना करारानं दिला आहे. हे वाक्य तिला पाठ असू दे. परराष्ट्र खात्याचं "मदद" नावाचं पोर्टल आहे, तिथे घरच्यांना तक्रार नोंदवता येते आणि नोंदवल्याचा क्रमांक मिळतो. पणजीत अनिवासी गोमंतकीयांसाठी सरकारी कार्यालय आहे, तिथेही अर्ज द्यायचा. आणि तिच्याशी एक ठरवून ठेवा: रोजचा मेसेज दोन दिवस आला नाही, तर तिसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही दूतावासाला फोन करणार. शेजारणीला विचारून नाही, भावजीला विचारून नाही. तुम्ही स्वतः.

शेवटी एक तक्रार. मूळ पत्रात तुम्ही तिच्या हॉस्पिटलचं नाव आणि त्या अकाउंटचं नाव, दोन्ही लिहिली होतीत, आणि ते पत्र ईमेलनं पाठवलंत. मी ते छापलं नाही, ईमेल काढून टाकली, कागदावर उतरवलेली प्रत चुलीत घातली. तुमच्या भाच्याच्या मोबाइलवरून पाठवली होतीत ना? मग त्याच्या "सेंट" मध्ये ती अजून असेल. आज त्याला बोलवाल तेव्हा तीही काढायला लावा.

— तुमची ताई